हिरवळीच्या पिकांचे बियाणे आपल्याच शेतात निवडले पाहिजे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृगाच्या तोंडावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील कृषी सेवा केंद्रांपुढे ताग आणि धैंचा या, वाढवून मातीतच गाडायच्या हिरवळीच्या पिकांच्या बियाण्याच्या पोत्यांची थप्पी लागते. जमिनीचा सेंद्रिय कर्ब घटत चालल्याची चर्चा आता पारावरही होते, त्यामुळे उसाच्या लागणीपूर्वी किंवा आडसाली उसाच्या सरीत ताग गाडणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र जो शेतकरी सोयाबीन घेताना 'फुले संगम' की 'फुले किमया' याची चार ठिकाणी चौकशी करतो आणि उसाचे बेणे घेताना ते किती महिन्यांचे व कोणाच्या मळ्यातले आहे हे पाहिल्याशिवाय पुढचे बोलत नाही, तोच शेतकरी तागाचे पोते घेताना फक्त दर विचारतो. पोत्यावर बहुतेक वेळा वाणाचे नाव नसते, बियाणे कोणत्या प्रांतातून आले ते कळत नाही आणि दुकानदारालाही ते सांगता येत नाही. जे पीक शेवटी मातीतच जायचे आहे, त्याला वाण कशाला हवे, अशी आपली सर्वांचीच समजूत झाली आहे. ही समजूत आपले मोठे नुकसान करते आहे आणि ते टाळण्याचा मार्ग प्रत्येकाच्या बांधाच्या आत उपलब्ध आहे, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

चांगला आलेला ताग फुलोऱ्याच्या सुमारास गाडला, तर हेक्टरी १५ ते २० टन हिरवा पाला जमिनीत जातो आणि त्यातून साधारण ६० ते ९० किलो नत्र मिळते. हे आकडे शेतकरी मेळाव्यांत सांगितले जातात आणि ते खरेही आहेत. पण ते 'चांगल्या आलेल्या' तागाचे आहेत. एकाच दिवशी, एकाच वाफशावर, शेजारी शेजारी पेरलेल्या दोन पोत्यांचे ताग पाहिले म्हणजे त्या विशेषणात किती अर्थ आहे हे समजते. एका पोत्याचा ताग चाळिसाव्या दिवशी छातीएवढा, पानांनी भरलेला आणि कळीचा पत्ता नसलेला असतो, तर दुसऱ्याचा त्याच दिवशी कमरेला लागतो, त्याच्या शेंड्याला पिवळी फुले झुलत असतात आणि बुंधा निबर होऊ लागलेला असतो. या दुसऱ्या तागाने रान झाकलेले नसते, म्हणून त्याच्या खाली लव्हाळा आणि हरळी निवांत वाढलेली असते. खर्च दोघांचा सारखाच झालेला असतो, पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो.

यामागे बियाण्याचा इतिहास आहे. ताग हे आपल्या देशात मुळात वाखाचे पीक. कासरे, चऱ्हाटे, मोटेचे नाडे यांसाठी तो पिकवला जात असे आणि त्यावरचे संशोधनही वाखासाठीच झाले. कानपूरचा 'के-१२', त्यानंतरचे 'शैलेश', 'स्वस्तिक' हे वाण त्याच कामातले; ज्या उत्तर प्रदेशातील प्रतापगडच्या केंद्राकडे या पिकाचे काम आहे, ते केंद्रच मुळी ताग-अंबाडीसारख्या धाग्याच्या पिकांच्या संस्थेचा भाग आहे. वाखासाठी निवड करणारा संशोधक उंच, सरळ, फांद्या नसलेले आणि सालीत भरपूर धागा असलेले झाड शोधतो. गाडण्यासाठी आपल्याला जे झाड हवे असते ते नेमके याच्या उलट आहे: लवकर फांदणारे, पानाला भारी, बुंध्याला कोवळे आणि मुळांवर गाठी धरणारे. त्या संशोधकांनी आपले काम चोख केले, त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही; परंतु त्यांच्या कामाचा हेतू वेगळा होता आणि आपल्या काळ्या रानात, आपल्या पावसात, उसाच्या दोन सऱ्यांमधल्या पट्ट्यात हे पीक कसे वागावे, याचा विचार करून कोणी झाडे निवडलेली नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

त्यात आणखी एक गोष्ट सावकाश, कोणाच्याही ध्यानात न येता, घडत असते. जे थोडेफार शेतकरी घरचे बी धरतात ते कसे धरतात? सगळे रान रोटावेटरखाली जाते आणि बांधाकडेची, विहिरीजवळची किंवा ट्रॅक्टर न पोहोचलेल्या कोपऱ्यातली झाडे उभी राहतात. त्यांतली जी लवकर फुलतात त्यांच्या शेंगा आधी वाळतात, बी हाती लागते ते त्यांचेच. उशिरा फुलणाऱ्या झाडांच्या शेंगा परतीच्या पावसात सापडतात, काळ्या पडतात आणि टाकून दिल्या जातात. असे काही वर्षे चालले की त्या घरच्या बियाण्यात लवकर फुलणारी, लवकर निबर होणारी झाडे वाढत जातात, म्हणजे ज्या गुणासाठी ताग पेरायचा तोच गुण दरवर्षी थोडा थोडा गाळला जातो. घरच्या बियाण्याला जोर राहिला नाही अशी तक्रार करून मग पुन्हा दुकानातले पोते आणले जाते. दोष घरच्या बियाण्याचा नसून ते ज्या झाडांवरून घेतले त्या झाडांचा असतो.

म्हणून निवड जाणीवपूर्वक आणि वेळेवर केली पाहिजे. ती कशी करावी हे येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण माहिती पत्रकांत पेरणी आणि गाडणी यांवर पुष्कळ मजकूर असतो, पण बी धरण्यावर दोन ओळीही नसतात.

ताग हे परपरागी पीक आहे. त्याच्या फुलाला स्वतःच्याच परागाने सहसा शेंग धरत नाही. भुंग्यासारखी दांडगी माशी फुलावर बसून त्याच्या आतला भाग घासते, तेव्हा फलधारणा होते. या एका गोष्टीतून बियाणे धरण्याचे बहुतेक नियम निघतात. पहिला नियम असा की नको असलेली झाडे फुलण्यापूर्वी उपटली पाहिजेत. चांगल्या झाडाला रंगीत दोरा बांधून ठेवला आणि शेंगा वाळल्यावर फक्त त्याचेच बी घेतले, तरी शेजारच्या खुरट्या झाडाचे पराग त्या बियांत आधीच येऊन बसलेले असतात. ज्वारीची कणसे निवडून काढण्याची आपली जुनी पद्धत तागाला म्हणूनच पुरत नाही. दुसरा नियम असा की चार-दोन अप्रतिम झाडांवर समाधान मानू नये. मोजक्या झाडांचे बी वर्षानुवर्षे धरले तर जवळच्या नात्यातला संकर होऊन पीक खुरटते. शंभर ते दीडशे झाडे तरी मागे राहिली पाहिजेत. दीड फुटावर ओळी आणि ओळीत वीतभर अंतर ठेवून एक गुंठा पेरला तर त्यात साधारण हजार-अकराशे झाडे बसतात, म्हणजे दहांतले एक झाड ठेवायचे आणि बाकीची काढायची, इतकी कडक निवड एका गुंठ्यात सहज करता येते. उपटलेली झाडे वाया जात नाहीत, ती तिथेच सरीत पसरावीत.

ठेवायची झाडे कशी ओळखायची? साधारण पंधराव्या-विसाव्या दिवशी वाफ्यातून एक फेरी मारावी. या वयात ज्यांची पाने आडवी पसरून ओळीतली माती झाकू लागली आहेत, ती झाडे मनात धरावीत, कारण तण दाबण्याचे काम याच दिवसांत होते. खरी निवड तिसाव्या ते चाळिसाव्या दिवसांत करावी. या काळात ज्या झाडाला कळी दिसेल ते, इतर बाबतींत कितीही डौलदार असले तरी, लगेच उपटावे. मग उरलेल्यांचा बुंधा पाहावा. उपटायच्या एखाद-दुसऱ्या झाडाचा बुंधा जमिनीपासून वीतभर उंचीवर वाकवून पाहिला की हाताला लगेच अंदाज येतो: काकडीसारखा कट्कन मोडला तर तो कोवळा आहे आणि मोडल्यावर वाखाच्या दोऱ्या लोंबत राहिल्या तर ते झाड गाडल्यावर लवकर कुजणार नाही. निबर ताग गाडला की तो कुजवण्यासाठी जमिनीतले जिवाणू आहे तेच नत्र काही काळ वापरतात आणि वर लावलेला ऊस पिवळा पडतो. 'ताग गाडला आणि रान उतरले' असे जे कधीकधी ऐकू येते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

मुळांवरच्या गाठी पाहिल्याशिवाय मात्र कोणतीही निवड पुरी होत नाही. झाड हाताने उपसले तर गाठी मातीत तुटून राहतात, म्हणून वाफ्याच्या वेगवेगळ्या भागांतली काही झाडे खुरप्याने किंवा कुदळीने मातीसकट उचलावीत, बादलीतल्या पाण्यात मुळे हलकेच धुवावीत आणि एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर रंग असला तर हवेतले नत्र धरण्याचे काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट गाठ काम करत नसते. सगळ्याच झाडांच्या गाठी पांढऱ्या निघाल्या तर तो वाणाचा दोष नव्हे, त्या रानात योग्य जिवाणू नाहीत असे समजावे आणि पुढच्या पेरणीला दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात चवळी गटाचे रायझोबियम (गाठींत नत्र धरणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक) चोळावे. तागाला चवळी गटाचे संवर्धक लागते ही साधी बाबही दुकानात कोणी सांगत नाही. सोयाबीनचे उरलेले पाकीट चोळून पाहणारे शेतकरी मी पाहिले आहेत आणि त्याचा उपयोग होत नाही.

येथे एक अडचण येते आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. दिवस लहान होऊ लागले की ताग फुलतो. जूनमध्ये पेरलेला ताग उंच वाढत राहतो, तर ऑगस्टमध्ये पेरलेला ताग कमी उंचीवरच फुलतो. बी धरण्यासाठी ऑगस्टची पेरणी सोयीची, कारण झाड आवाक्यात राहते, लोळत नाही आणि शेंगा पावसाळा संपल्यावर वाळतात. परंतु ऑगस्टच्या वाफ्यात सगळीच झाडे लवकर फुलत असल्याने उशिरा फुलणारे झाड कोणते हे तिथे नीट कळत नाही. म्हणून दोन वाफ्यांची पद्धत योग्य वाटते. निवड जूनच्या वाफ्यात करावी, म्हणजे आपण ज्या हंगामात ताग गाडतो त्याच हंगामात. आणि त्या निवडलेल्या झाडांचे बी पुढच्या वर्षी ऑगस्टच्या वाफ्यात वाढवावे. जूनच्या वाफ्यात मागे ठेवलेल्या झाडांचे शेंडे निवड होताच खुडले तर ती फांदतात, वाऱ्या-पावसात कमी लोळतात आणि शेंगाही वाढतात. ऑगस्टच्या वाफ्यातून गुंठ्याला ५ ते १० किलो बी धरायला हरकत नाही. एकरी गाडणीला २० ते २४ किलो लागते, त्यामुळे एक एकर रानाच्या बियाण्याला चार-पाच गुंठ्यांचा तुकडा पुरे. उसाच्या रानात पाण्याच्या टोकाला, पाइपलाइनच्या कडेला इतकी जागा बहुतेक सर्वांकडे निघते.

फुलोऱ्यात आल्यावर वाफ्याची राखण दोन प्रकारची असते. पहिली भुंग्यांची. तागावर येणारे काळे, मोठे भुंगे वाळलेल्या लाकडात आणि बांबूत घर करतात. बांधावरचे वठलेले झाड किंवा मांडवाचे जुने बांबू सगळेच जाळून टाकू नयेत. तासगाव, मिरज, पलूस या भागांत द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि तागाचा फुलोरा जवळजवळ एकाच वेळी येतात. छाटणीनंतरच्या फवारण्यांचे वारे ज्या वाफ्यावर येते तिथे फुले भरपूर आणि शेंगा कमी अशी स्थिती होऊ शकते, म्हणून बियाण्याचा तुकडा बागेपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवावा आणि शेजाऱ्याच्या बांधावर फुललेला अनोळखी ताग असेल तर त्याला विनंती करून तो आधी कापून घ्यावा. दुसरी राखण केसाळ अळीची. पांढऱ्या अंगावर काळे-लाल ठिपके असलेले पतंग दिसू लागले की पाने आणि कोवळ्या शेंगा उलटून पाहाव्यात. चार गुंठ्यांत अळ्या हाताने वेचता येतात आणि भुंग्यांसाठी तेच हिताचे आहे. शेंगा हलवल्यावर आतले बी खुळखुळू लागले की कापणी करावी. एक इशारा येथे आवर्जून देतो: तागाचे बी जनावरांना विषारी असते. मळणीचा भुसा, चाळणीखाली पडलेले बी पेंडीत किंवा गोठ्यात जाऊ देऊ नये आणि बियाण्याचा डबा भरड्याच्या डब्यांजवळ ठेवू नये.

धैंच्याची गोष्ट निराळी. तो बऱ्याच अंशी स्वपरागी आहे, त्यामुळे त्यात चांगल्या झाडाला दोरा बांधून फक्त त्याचे बी धरले तरी गुण पुष्कळसा टिकतो आणि निवड सोपी होते. कृष्णा आणि वारणेच्या काठावर वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतल्या ज्या जमिनी अति पाण्याने क्षारपड आणि चोपण (घट्ट, निचरा न होणाऱ्या) झाल्या, तिथे ताग तग धरत नाही. तिथे धैंचाच पेरावा लागतो. कर्नालच्या क्षारजमीन संशोधन संस्थेने 'सीएसडी १३७' आणि 'सीएसडी १२३' हे धैंच्याचे वाण खास अशा जमिनींसाठी दिले आहेत, पण आपल्या दुकानांत ते नावानिशी मागून पाहावेत आणि काय उत्तर मिळते ते ऐकावे. तोपर्यंत शेतकऱ्याच्या हातात एक उपाय आहे. धैंच्याचे बी सुपीक कोपऱ्यातून न धरता, ज्या भागात उन्हाळ्यात क्षारांची पांढरी खापरी धरते, तिथे जी झाडे हिरवीगार उभी राहिली त्यांच्यावरून धरावे. सुपीक जागेतले उंच झाड हे बऱ्याचदा जागेचे कौतुक असते. खारट जागेत वाढलेले मध्यम झाड स्वतःचा गुण दाखवते. धैंच्याच्या शेंगा एकदम वाळत नाहीत आणि वाळल्या की तडकतात, म्हणून तीन-चार वेळा फिरून त्या तोडाव्या लागतात. त्याच्या बियांची साल टणक असते. काही बी लगेच उगवते, काही मातीत तसेच पडून राहते आणि पुढच्या पिकात तण म्हणून डोके काढते. गरम पाणी ओतून रात्रभर भिजवले की उगवण एकसारखी होते.

शिराळा आणि पाटणच्या भातपट्ट्यात पाणी साचते, तिथे खोडावरही गाठी धरणारा आफ्रिकेकडचा धैंचा उपयोगी पडतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याचा 'टीएसआर-१' हा सुधारित वाण दिलेला आहे. कोरेगाव आणि सातारा तालुक्यांतल्या आल्याच्या पट्ट्यात मात्र ताग अधिक योग्य, कारण मुळांवर रोगट गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना (मातीतल्या सूक्ष्म, धाग्यासारख्या कृमींना) तो आश्रय देत नाही, धैंच्याबाबत तशी खात्री देता येत नाही.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. त्याला लागून असलेल्या आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जतची स्थिती माणसारखीच. या दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला 'ताग पेरून गाडा' असे सांगणे म्हणजे त्याच्या वाट्याचा एकुलता एक पाऊस गाडायला सांगण्यासारखे आहे. तिथे हुलगा आणि मटकी हीच जमीन झाकणारी पिके आहेत. शेंगा घरात येतात, पाला रानात राहतो आणि पुढच्या ज्वारीला बेवड (आधीच्या पिकामुळे जमिनीला येणारा कस) चांगला होतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुलग्याचे 'सीना' आणि 'माण' हे वाण दिले आहेत. पण जमीन झाकण्यासाठी हुलगा निवडायचा तर दाण्याचे वजन एवढेच पाहून चालत नाही. वेल किती पसरतो, शेंगा पक्व होताना पाने गळतात की टिकतात आणि दोन पावसांत महिन्याचा खंड पडला तर कोणते वेल पुन्हा फुटतात, हे पाहावे लागते. सुदैवाने या भागात घरोघरी बी राखेत घालून मडक्यात ठेवण्याची रीत अजून पूर्ण मोडलेली नाही. हे बी बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या हातचे असते आणि कोणत्या वेलाचे बी धरले हे तिलाच ठाऊक असते. कृषी सहायकांनी या भागात माहिती गोळा करताना सातबारा कोणाच्या नावावर आहे हे न पाहता तिच्याशी बोलावे. राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाल्यापासून घरचे बियाणे जपण्याच्या कामाला राज्यात मान मिळाला आहे; त्या मानात भाजीपाला आणि धान्याबरोबर जमिनीसाठी पेरल्या जाणाऱ्या या पिकांनाही जागा मिळाली पाहिजे.

याला दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, की पोते विकत आणणे सोपे आहे, एवढी यातायात कशाला? उत्तर असे की ही यातायात दोन-तीन वर्षांची आणि मोजक्या गुंठ्यांची आहे. त्यानंतर गावातल्या एकाने जरी असा वाफा राखला तरी भावकीला आणि शेजाऱ्याला पुरेल इतके बी निघते. दुसरा आक्षेप कायद्याचा असतो आणि तो गैरसमजातून येतो. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. शेजाऱ्याला दोन पायली ताग देताना कोणी घाबरण्याचे कारण नाही.

शासनाकडे आणि संस्थांकडे काही मागण्या आहेत, त्या आपल्या दैनिकामार्फत पोहोचाव्यात. सोयाबीनचे घरचे बियाणे वापरावे म्हणून कृषी विभाग उन्हाळ्यात गावोगाव उगवण चाचणीची प्रात्यक्षिके घेतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि सत्तरावर उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजायचे, हे आता शाळेतल्या मुलांनाही येते. त्याच सभेत, त्याच गोणपाटात, ताग आणि धैंच्याचेही शंभर दाणे ठेवले तर वेगळा खर्च येणार नाही. हिरवळीच्या बियाण्यावर जिथे अनुदान दिले जाते, मग ते शासनाचे असो वा साखर कारखान्याच्या ऊसविकास विभागाचे, तिथे पोत्यावर वाणाचे नाव, उत्पादनाचे ठिकाण आणि उगवणीची टक्केवारी असल्याशिवाय अनुदान देऊ नये. कारखान्यांना हे सहज जमेल. उसाच्या बेण्याचे मळे त्यांनी वर्षानुवर्षे राखले आहेत, त्यातल्याच एखाद्या मळ्यात एकरभर ताग बियाण्यासाठी ठेवणे त्यांना अवघड नाही.

कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने सोयाबीनमध्ये जे काम केले आहे ते सर्वांसमोर आहे. 'फुले संगम' तिथूनच राज्यभर गेला. क्षारपड जमिनींचा अनुभवही त्याच केंद्राकडे आहे. फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते आणि उसाच्या सरीत हिरवळीचे पीक कसे घ्यावे यावर त्याचा शब्द शेतकरी मानतात. या दोन केंद्रांनी देशातले ताग-धैंच्याचे नामांकित वाण आणि शेतकऱ्यांनी राखलेली स्थानिक बियाणी शेजारी शेजारी पेरावीत, चाळिसाव्या दिवशी पाल्याचे वजन, कळीची अवस्था आणि गाठींचा रंग यांची नोंद घ्यावी आणि तो प्लॉट शेतकऱ्यांना उभ्या पिकात दाखवावा. आजवर हिरवळीच्या पिकांची प्रात्यक्षिके आम्ही गाडणीच्या दिवशी पाहिली आहेत. ट्रॅक्टर फिरतो, छायाचित्रे निघतात, पण कोणता ताग चांगला होता हे पाहायला त्या वेळी काही उरलेले नसते. ज्या वाणाची कामगिरी चांगली दिसेल त्याचे पायाभूत बियाणे गावातल्या इच्छुक शेतकऱ्याला पाच-पाच किलो द्यावे. मोठ्या योजनेची गरज नाही.

जूनमध्ये पेरलेल्या वाफ्यातली निवड जुलै संपण्यापूर्वी उरकावी लागते, कारण त्यानंतर फुले येतात आणि मग त्या वर्षीची संधी गेलेली असते. त्यामुळे याबाबतचे परिपत्रक, प्रात्यक्षिकांचे गाववार वेळापत्रक आणि कृषी सहायकांना द्यायच्या सूचना मेअखेरपर्यंत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचल्या पाहिजेत, इतकी दक्षता दोन्ही जिल्ह्यांच्या कृषी अधीक्षकांनी घ्यावी ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक शेतकरी,
वाळवा तालुका, जि. सांगली